दोन दिनारचं मिररिंग

टीव्ही लावून द्यायला आलेल्या माणसाकडे स्क्रूड्रायव्हर नव्हता, म्हणून मी त्याच्याकडे नीट पाहायला लागले. शुक्रवारची सकाळ, कुवेतच्या फिंतासमधल्या आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं घर. सांगलीला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं आणि मुलांच्या परीक्षांमुळे कुणालाच जाता आलं नव्हतं. मुहूर्त बारा पस्तीसचा, म्हणजे इथले दहा वाजून पाच मिनिटं. लग्नाची लिंक व्हॉट्सॲपवर आली होती, फोनवर मांडवही दिसत होता. पण पंचावन्न इंची टीव्ही काही केल्या फोनला ओळख द्यायला तयार नव्हता. टीव्ही लावून देणारे हे भाई आले तेव्हा नऊ वाजत आले होते. हातात एक कापडी पिशवी. तीत वीतभर लांबीची एचडीएमआयची जोडवायर, एक साधा चार्जर आणि एक जुना अँड्रॉइड फोन, बस्स.

भाई मूळचे चिपळूणचे. फहाहीलच्या बाजारात व्हीसीआर दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली, मग गच्च्यांवर डिश बसवल्या, आता मोबाइलचा पडदा टीव्हीवर आणून देतात. फिंतास, महबूला, अबू हलिफा, मंगाफ अशी समुद्राकाठची ओळीने वसलेली वस्ती हेच त्यांचं कार्यक्षेत्र.

त्यांनी रिमोटला हात लावायच्या आधी वहिनींचा फोन मागितला, वायफायचं नाव वाचलं. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथलं नाव वाचलं. दोन्ही वेगळी. गेल्या महिन्यात घरात फाइव्ह-जी सिमचा नवा राउटर आला होता. सगळ्यांचे फोन त्याच्यावर गेले आणि टीव्हीमागची स्ट्रीमिंगची काडी (भाईंच्या भाषेत 'बॉक्स') तेवढी हारिसने, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराने, तीन फ्लॅटना वाटून दिलेल्या जुन्या वायफायवर राहिली. एकाच खोलीत दोघं, पण एकमेकांच्या हाकेच्या बाहेर.

"वहिनी, बॉक्स बरा हाय," भाई म्हणाले. "दहातली नऊ घरं अशीच. बॉक्स बरा, फोन बरा, मधला रस्ता खराब."

हे 'दहातली नऊ' नंतर मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मला ते थोडं संशयास्पद वाटायला लागलं. कुणाचाच दोष नाही म्हटलं की गिऱ्हाईक खूश होतं, हेही त्यात असणार. पण पुढे त्यांच्या कामावर त्यांच्याबरोबर हिंडताना खराब झालेला बॉक्स मला तरी कुठे दिसला नाही.

मग त्यांनी टीव्ही भिंतीपासून पुढे ओढला आणि मागून तो वास आला. तापलेलं प्लास्टिक, बोटाला चिकटणारी बारीक वाळवंटी धूळ, आणि जिन्यातून आत शिरलेला बखूरच्या धुपाचा दरवळ. ज्या ज्या घरी गेले तिथे टीव्ही पुढे सरकला की हाच वास यायचा; आता तो कुठेही आला तरी मला एचडीएमआयचं भोक आठवतं. काडी टीव्हीच्याच यूएसबीवर चालत होती. त्यातून तिला पुरेशी वीज मिळत नाही, मग ती मधेच बंद पडून पुन्हा सुरू होते, आणि माणसं वायफायला शिव्या घालतात. भाईंनी चार्जर लावला. जोडवायर घालून काडी टीव्हीच्या पाठीमागून बाजूला काढली, म्हणजे पत्र्याच्या आडोशाला बसून तिला लहरी शोधाव्या लागणार नाहीत आणि वाराही लागेल.

आता मिररिंग करणार, असं सगळ्यांना वाटत होतं. वहिनींच्या मुलाने उत्साहाने करूनही टाकलं. मांडव टीव्हीवर आला, जरा अडखळत, ओठ आणि आवाज यांची चुकामूक होत. तेवढ्यात पडद्याच्या वरच्या बाजूला हातभर लांबीची पट्टी उतरली. कुटुंबाच्या ग्रुपवरचा निरोप: 'फिंतासवाल्यांनी आहेर पाठवला का?' खोलीत शेजारची दोन कुटुंबं बसलेली. वहिनी लालबुंद झाल्या, त्यांचे यजमान उठून पाणी प्यायला गेले.

भाईंनी शांतपणे मिररिंग बंद केलं. यूट्यूब उघडलं, कोपऱ्यातलं चौकोनात लहरी असलेलं चिन्ह दाबलं. चित्र क्षणभर गेलं आणि स्वच्छ होऊन परत आलं. फोन त्यांनी वहिनींच्या हातात दिला. "आता खुशाल कुणाशी पण बोला."

त्यांच्या कामातलं मर्म मला इथे कळलं. मिररिंगमध्ये फोन आपल्या पडद्यावरचं प्रत्येक चित्र टिपतो, दाबून लहान करतो आणि हवेतून बॉक्सकडे ढकलत राहतो; म्हणून तो तापतो, बॅटरी खातो आणि आलेला प्रत्येक निरोप चव्हाट्यावर मांडतो. कास्टिंगमध्ये फोन बॉक्सला फक्त पत्ता सांगतो. पाणी डोक्यावरून वाहून आणणं आणि विहीर कुठे आहे ते सांगणं, एवढा फरक. बॉक्स स्वतःच इंटरनेटवरून व्हिडिओ आणतो. लोक मिररिंग मागतात आणि भाई शक्यतो ते करू देत नाहीत.

मिररिंग आणि कास्टिंगचा हा घोळ कंपन्यांनी घातलेला आहे, असं माझं मत. ॲपलचं एअरप्ले २०१० सालचं, त्यात अख्खा पडदा दाखवायची सोय २०११ मध्ये आली. २०१२ मध्ये वायफायवाल्या कंपन्यांच्या संघटनेने मिराकास्ट आणलं. त्याला राउटरही लागत नाही, फोन आणि टीव्ही थेट जोडले जातात. २०१३ मध्ये गूगलचं क्रोमकास्ट आलं, आणि पुढे गूगलने आपल्याच फोनांतून मिराकास्ट काढून टाकलं. सॅमसंगवर त्याच कामाला स्मार्ट व्ह्यू म्हणतात, आयफोनवर स्क्रीन मिररिंग, शाओमीवर कास्ट. सत्तरीच्या माणसाने यातलं काय लक्षात ठेवायचं? भाईंचा जुना फोन त्यासाठीच असतो. तो जोडला गेला तर बॉक्स आणि वायफाय ठीक. मग दोष गिऱ्हाइकाच्या फोनात शोधायचा.

महबूलाला एका फ्लॅटमध्ये सहा-सात पोरं राहत होती. त्यांना मॅच बघायची होती. भारतातल्या ॲपचे पैसे घरच्यांनी भरलेले, फोनवर मॅच चालू. टीव्हीवर नेली की पडदा काळा. धावफलकाची पट्टी आणि बटणं दिसत होती, मैदान तेवढं गायब. ॲपनेच मनाई करून ठेवलेली असते की हे चित्र नक्कल करून बाहेर द्यायचं नाही, आणि फोन ती मनाई पाळतो. राउटर बदला, वायर बदला, काही होत नाही. एकाने विचारलं, सगळे चॅनेल फुकट दाखवणारा बॉक्स मिळतो म्हणतात, तो आणून द्याल का? भाई म्हणाले, "तो धंदा मी करत नाही. चोरीचा माल हाय तो." घरी येण्याचे त्यांचे दोन दिनार, काम झालं नाही तर एक. तो एकही घेताना ते जरा ओशाळले होते. पोरं मग फोन भिंतीला टेकवून त्याभोवती दाटीवाटीने बसली. पैसे भरलेल्या माणसाला चोर समजून काळा पडदा दाखवायचा, हे मला अजून पटलेलं नाही.

(दोन दिनार म्हणजे किती, हा हिशेब इथे आपोआप रुपयांत होतो. १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत कुवेतमध्ये रुपयाच चालायचा, हे भाईंना ठाऊक होतं. त्यांच्या आजोबांनी तो इथे कमावला होता.)

मिररिंगला पर्याय नाही अशी घरंही असतात. पुढच्या गल्लीत व्हिजिट व्हिसावर आलेल्या एक आजी होत्या. पुण्यातल्या नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं, पण ती टीव्हीवर मोठी दिसायला हवी, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. भाईंनी पडदा जोडून दिला. नात दिसली, पण अरुंद उभ्या पट्टीत, आणि तिचा आवाज मात्र आजींच्या हातातल्या फोनमधूनच येत राहिला. कॉलचा आवाज बहुधा असाच फोनमध्ये अडकतो. शिवाय आजी टीव्हीकडे बघून बोलणार, त्यामुळे नातीला तिकडे आजींचा कान दिसत होता. "आजी, कान नको, तोंड दाखव," ती ओरडत होती.

भाई स्वयंपाकघरात गेले, विचारून स्टीलचे दोन डबे आणले, टीव्हीच्या बरोबर खाली ठेवले आणि त्यांना टेकवून फोन आडवा ठेवला. नातीनेही तिकडे फोन आडवा धरल्यावर ती टीव्हीभर झाली. आवाज फोनचाच ठेवला, पूर्ण वाढवून. आजींची खुर्ची अडीच हात पुढे ओढली. यातलं एकही काम कुठल्या माहितीपुस्तकात नसेल. मग एका कागदावर देवनागरीत मोठ्या अक्षरात वायफायचं नाव आणि बटणांचा क्रम लिहून तो टीव्हीच्या कडेला चिकटवला.

आजींनी दोन दिनारांबरोबर चकल्या बांधून दिल्या. लिफ्टमध्ये भाईंचा फोन वाजला. अबू हलिफाहून कुणीतरी. टीव्हीवर काहीच येत नाही, बॉक्स नवाच घ्यावा का, असं पलीकडून विचारत असावं.

"घेऊ नका. आधी सांगा, फोन कुठला, आणि वायफाय कुणाचं?"