किली मत्स्य : घरगुती उबवण व संगोपन

अस्थिमत्स्यांच्या सिप्रिनोडॉण्टिफॉर्मीस या गणातील, अंडी घालणाऱ्या लहान माशांना किली मत्स्य म्हणतात. ‘किल’ या डच शब्दाचा अर्थ लहान ओढा वा पाण्याचा पाट असा असून त्यावरून हे नाव पडले आहे. ठार मारणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचा संबंध नाही. या माशांच्या बाराशेहून अधिक जाती असून बहुतेकांची लांबी २·५ ते ५ सेंमी. असते. आकर्षक रंग, अल्प जागेत राहण्याची क्षमता व अंड्यांचा चिवटपणा यांमुळे जलजीवालयाच्या छंदात त्यांना विशेष स्थान आहे. प्रस्तुत नोंदीत त्यांची अंडी घरी उबविण्याची व पिले वाढविण्याची पद्धत, जालना जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशातील पाणी व हवामान लक्षात घेऊन दिली आहे.

प्रकार : अंड्यांच्या वाढीवरून किली मत्स्यांचे दोन मुख्य गट पडतात. पहिल्या गटातील मासे बारमाही पाण्यात राहतात व पाणवनस्पतींवर अंडी चिकटवितात. भारतातील ॲप्लोकायलस प्रजाती या गटात मोडते. तिच्यापैकी ॲप्लोकायलस लिनिएटस (पट्टेरी पंचॅक्स) ही द्वीपकल्पीय भारतातील जाती सु. १० सेंमी. पर्यंत वाढते. ॲप्लोकायलस पंचॅक्स या जातीचे वर्णन हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये केले. तिच्या डोक्यावर चकाकणारा पांढरा ठिपका असतो. ॲप्लोकायलस ब्लॉकी ही जाती यांहून लहान आहे.

दुसऱ्या गटातील मासे ‘वार्षिक’ म्हणून ओळखले जातात. पूर्व आफ्रिकेतील नोथोब्रँकियस प्रजातीचे मासे पावसाळी डबक्यांत राहतात. डबके आटले की मासे मरतात. परंतु चिखलात पुरलेली अंडी जिवंत राहतात व पुढील पावसात त्यांतून पिले बाहेर येतात. अंड्यातील भ्रूणाची वाढ ठराविक अवस्थांत थांबते. या थांबण्यास विराम असे म्हणतात व त्याच्या तीन अवस्था ओळखल्या जातात. नोथोब्रँकियस फुर्झेरी या जातीचे आयुष्य काही महिन्यांचेच असल्याने वार्धक्याच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळांतून तिचा मोठा उपयोग होतो. तिच्या जनुकसंचाचा संपूर्ण क्रम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पाणी व हवामान : जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरीने सु. ६५० ते ७५० मिमी. पाऊस पडतो व तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो. दक्षिण सीमेवरील गोदावरी सोडल्यास दुधना, कुंडलिका इ. नद्यांचे प्रवाह उन्हाळ्यात क्षीण होतात. निजामी राजवटीत बांधलेला घाणेवाडी तलाव आणि जायकवाडी जलाशय यांवर जालना शहराची तहान भागते. २०१२-१३ च्या अवर्षणाची मोठी झळ या जिल्ह्यास बसली. पाण्याच्या अशा टंचाईत मत्स्यपालन अयोग्य वाटण्याचा संभव आहे. तथापि किली माशांच्या पिलांना प्रारंभी एक-दोन लिटर पाण्याचे पसरट भांडे पुरते आणि बदललेले पाणी कुंड्यांतील झाडांना घालता येते.

जिल्ह्यातील भूस्तर काळ्या पाषाणाचा (बेसाल्टचा) असल्याने विहिरींचे व विंधनविहिरींचे पाणी बहुधा जड असते. मृदू जलात राहणाऱ्या अनेक शोभिवंत माशांना ते मानवत नाही. नोथोब्रँकियस मासे मात्र अशा पाण्यात चांगले राहतात. पाणी अतिशय जड असल्यास त्यात स्वच्छ पन्हळीतून धरलेले पावसाचे पाणी मिसळावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन पिलांना घातक असते. म्हणून ते उघड्या भांड्यात किमान एक दिवस ठेवून मगच वापरतात. उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या वर जाते. अशा वेळी भांडी घरातील थंड व सावलीच्या जागी ठेवतात आणि बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याची भर मृदू पाण्याने घालतात. जड पाण्याची भर घालत राहिल्यास क्षारांचे प्रमाण वाढत जाते.

अंडी मिळविणे व उबविणे : पट्टेरी पंचॅक्सची मादी एकदम सर्व अंडी न घालता रोज थोडी थोडी घालते. त्यासाठी रंग न सुटणाऱ्या कृत्रिम लोकरीच्या धाग्यांचा झुबका बुचाला बांधून पाण्यात तरंगत ठेवतात. अंडी सु. २ मिमी. व्यासाची असून त्यांचे कवच टणक असते. त्यामुळे ती बोटांनी अलगद वेचता येतात. प्रौढ मासे अंडी व पिले खात असल्याने ती वेगळ्या भांड्यात ठेवणे आवश्यक असते. पाण्यात मिथिलीन ब्ल्यूचा फिका निळा रंग येईल इतका अंश घातल्यास बुरशीस आळा बसतो. पांढरी व अपारदर्शक झालेली अंडी रोज काढून टाकावी लागतात. २४° ते २६° से. तापमानास सु. दोन आठवड्यांत पिले बाहेर येतात.

वार्षिक माशांसाठी भांड्याच्या तळाशी उकळून धुतलेले पीट (दलदलीतील कुजलेले शेवाळ) किंवा काथ्याचा भुसा घालतात. मासे त्यात अंडी पुरतात. तो गाळून, हाताने पिळून, किंचित ओलसर राहील असा करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करतात व त्यावर जाती आणि तारीख लिहितात. जाती व तापमान यांनुसार ही अंडी काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत तशीच ठेवावी लागतात. ओलावा अधिक झाल्यास बुरशी येते, तर भुसा कोरडा पडल्यास भ्रूण मरतात. अशा पिशव्या टपालानेही पाठविता येतात.

कवचातून भ्रूणाचे डोळे ठळक दिसू लागले व त्यांभोवती सोनेरी कडे उमटले की अंडी उबण्यास तयार झाली असे समजतात. मग भुसा पसरट भांड्यात घालून त्यावर सु. १८° ते २०° से. तापमानाचे, सु. ५ सेंमी. खोलीचे पाणी ओततात. पाण्यातील ऑक्सिजन घटणे हा कवच फोडण्याचा एक संकेत असल्याने, पिले न निघाल्यास चिमूटभर कोरडे खाद्य टाकून सूक्ष्मजंतूंची वाढ होऊ देतात. बहुतेक पिले काही तासांत ते एका दिवसात बाहेर पडतात. वेळेपूर्वी वा फार उशिरा भिजविलेल्या अंड्यांतील काही पिलांचा वाताशय हवेने भरत नाही. ती तळाशीच सरपटत राहतात व सहसा जगत नाहीत. न उबलेली अंडी पुन्हा सुकवून काही आठवड्यांनी भिजविल्यास त्यांतूनही पिले मिळतात.

पिलांचे खाद्य : घरगुती संगोपनातील बहुतेक अपयश उबवणीत नसून खाद्याच्या अभावात असते. अंडी महिनोन्महिने थांबू शकतात. पिले एक-दोन दिवसही उपाशी राहू शकत नाहीत. म्हणून खाद्य तयार झाल्यावरच अंडी भिजविणे हा या कामातील प्रमुख नियम होय.

ॲप्लोकायलस ब्लॉकीसारख्या जातींच्या बारीक पिलांना प्रथम आदिजीव (प्रोटोझोआ) लागतात. वाळलेल्या गवताचे किंवा कडब्याचे तुकडे पाण्यात उकळून, त्यात जुन्या जलपात्रातील थोडे पाणी मिसळून उजेडात ठेवल्यास चार ते सहा दिवसांत ते विपुल होतात. नोथोब्रँकियसची व पट्टेरी पंचॅक्सची पिले पहिल्या दिवसापासून आर्टेमिया या कवचधारी प्राण्याचे सु. अर्धा मिमी. लांबीचे डिंभ खातात. आर्टेमियाची अंडी लिटरमागे २५ ते ३० ग्रॅ. मीठ घातलेल्या पाण्यात २६° ते २८° से. तापमानास सतत हवा सोडून ठेवल्यास सु. २४ तासांत डिंभ निघतात. ते उजेडाकडे गोळा होतात. तेथून नळीने ओढून, तलम कापडावर गोड्या पाण्याने धुऊन ते दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे देतात. पिलांची पोटे नारिंगी व फुगीर दिसणे ही पुरेसे खाद्य मिळाल्याची खूण होय. उरलेले डिंभ गोड्या पाण्यात काही तासांत मरून पाणी नासवितात. म्हणून तळाचा गाळ रोज काढून सु. एक-दशांश ते एक-चतुर्थांश पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने बदलतात.

वाढ व रोग : नोथोब्रँकियसच्या नरांवर तीन-चार आठवड्यांत रंग दिसू लागतात. पट्टेरी पंचॅक्सची अंडी रोज थोडी थोडी मिळत असल्याने पिले निरनिराळ्या वयांची असतात व मोठी पिले लहानांना खातात. त्यामुळे आकारानुसार ती वेगळी करणे आवश्यक ठरते. हे मासे उडी मारण्यात पटाईत असल्याने पिले मोठी होताच भांड्यावर जाळीचे झाकण घालतात. अंगावर सोनेरी धुळीसारखा थर आणणारा मखमली रोग नोथोब्रँकियसमध्ये वारंवार आढळतो. तो टाळण्यासाठी पाण्यात लिटरमागे सु. १ ग्रॅ. मीठ घालतात.

डास-नियंत्रण व दक्षता : नळाला पाणी रोज येत नाही अशा गावांत घरोघरी पाणी साठविले जाते व झाकण नसलेल्या साठ्यांत डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडीस डासांची पैदास होते. ॲप्लोकायलस मासे पृष्ठभागाजवळ राहून डासांच्या अळ्या खातात. घरी वाढविलेली त्यांची पिले टाकीत वा हौदात सोडल्यास हा उपयोग होतो. मात्र पिण्याचे पाणी झाकून ठेवणे हाच त्यावरील पहिला उपाय होय. पिलांना अळ्या खाऊ घालताना त्या उरून त्यांचे डास होणार नाहीत इतक्याच द्याव्या लागतात.

परदेशी जाती ओढ्यात, तलावात किंवा विहिरीत सोडणे मात्र अयोग्य होय. डासांच्या नियंत्रणासाठी १९२८ मध्ये भारतात आणलेला गँबूसिया हा मासा स्थानिक माशांची व बेडकांची अंडी-पिलेही खातो. जगातील सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींत त्याची गणना होते. वार्षिक किली माशांची अंडी कोरड्या चिखलातही तग धरत असल्याने पावसाळी डबक्यांच्या प्रदेशात याबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. अंडी असलेला भुसा टाकून देण्यापूर्वी उकळतात आणि नको असलेले मासे दुसऱ्या पालकास देतात.