दिवाळीनंतरचं पाचवीचं पुस्तक अन् कोयत्यावर गेलेली पोरं

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडतात, त्याच सुमारास बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं तेवढी उरतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाही तर थेट कर्नाटकात फडावर पोहोचलेली असतात. बरोबर पोरंही. शाळेचं दुसरं सत्र सुरू होतं ते नेमकं तेव्हाच. म्हणून या सत्रात पाचवीला शिकायचंय तरी काय, हे आईबापांनी एकदा बघून घेतलेलं बरं.

परिसर अभ्यासात अन्नघटक, शरीरातली आंतरेंद्रियं, संसर्गजन्य रोग आणि ते कसे टाळायचे, हे धडे पुस्तकाच्या मागच्या भागात येतात. इतिहासात शेती कशी सुरू झाली अन् भटकणारा माणूस एका जागी घर करून कसा राहू लागला, ते आहे. हा धडा वर्गात चालू असतो तेव्हा वर्गातली काही पोरं कोपीत असतात, हा योगायोग मास्तरांच्याही ध्यानात येत असेल.

खरी गोम मात्र गणितात आहे. रोमन अंक, गुणाकार-भागाकार, साधे अपूर्णांक, कोन, वर्तुळ हे सगळं पहिल्या सत्रात उरकतं. दिवाळीनंतर येतात विभाज्य-विभाजक, दशांश अपूर्णांक, कालमापन, परिमिती आणि क्षेत्रफळ. यातलं काय बुडालं तर सगळ्यात महागात पडेल, असं कुणी विचारलं तर आम्ही दशांश अपूर्णांकांकडे बोट दाखवू.

का ते बघा. कारखान्याच्या काट्यावरची उसाची पावती टनात असते. 12.450 म्हणजे 12 टन 450 किलो. पण शेवटचं शून्य न लिहिता नुसतं 12.45 लिहिलं, की 12 टन 45 किलो असं वाचणारे थोडे नाहीत. फरक 405 किलोंचा. तोडणीची मजुरी टनावर ठरते, तेव्हा हा हिशेब घामाचा आहे. पोरगं दशांश शिकलेलं असलं तर बापाची पावती तेच वाचून दाखवील. गावाकडं दुधाच्या पावतीवरही तेच, फॅट 3.5, एसएनएफ 8.5. सातबाऱ्यावर दोन एकराच्या जागी 0.81 हेक्टर दिसतं. त्यात 81 आर आहेत, हे न कळल्यानं जमीन कमी लागली म्हणून तलाठ्याकडं खेटे घालणारे आपण पाहिलेत. क्षेत्रफळाचंही तसंच. 33 फूट लांब, 33 फूट रुंद तुकडा म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. हे बांधावर दोरी धरून शिकवलं तर पोरं विसरत नाहीत.

आता आणखी एक गोष्ट झाली आहे. पूर्वी आठवीपर्यंत ढकलपास होतं. राज्यानं 2023 मध्ये नियम बदलला अन् 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. पाचवीला विषयाला 50 गुण, पास व्हायला 35 टक्के लागतात. नापास झाला तर फेरपरीक्षा, तिथंही अडला तर त्याच वर्गात. शाळेतून मात्र काढता येत नाही. म्हणजे ज्याचं दुसरं सत्र उसात गेलं, त्याची परीक्षा न शिकलेल्या भागावर. नियम करणाऱ्यांनी हंगामाचं कॅलेंडर समोर ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

तोवर हातात आहे ते करावं. गावात हंगामी वसतिगृह चालू असेल तर आजी-आजोबांजवळ पोरं ठेवून ती शाळेतच राहू शकतात. नेणं भागच असेल तर निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमीपत्रक मागून घ्यावं. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत पोराला बसवून घेतात. दाखल्यासाठी अडवायचा कायद्यानं अधिकारच नाही. अन् गणिताचं पुस्तक पेटीत तळाला न टाकता वर ठेवावं. भांडी-कुंडी, ज्वारीचं पोतं अन् कोयते भरताना तेच पहिल्यांदा मागं राहतं.