केजमध्ये शाळा पारखताना

बीड जिल्ह्यातील केजसारख्या तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळा आणि तिला जोडलेले कनिष्ठ महाविद्यालय, म्हणजे अकरावी-बारावीचे वर्ग, निवडताना पालकांची नजर प्रथम निकालाच्या फलकावर जाते. परंतु दहावीत बहुतेक विषयांचे २० गुण शाळेच्याच हाती असतात आणि परीक्षेला किती जण बसले हे फलक क्वचितच सांगतो, म्हणून आदल्या वर्षीच्या नववीच्या पटाशी दहावीच्या परीक्षार्थींची संख्या ताडून पाहणे अधिक उद्बोधक ठरते. ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबे हंगामात कारखान्यांकडे जातात त्या या भागात ही तफावत विशेष बोलकी असते, आणि मागे राहिलेल्या मुलांची शाळा विचारपूस करते का, हा प्रश्न इमारतीच्या रंगरंगोटीहून मोठा आहे.

शाळा अनुदानित, म्हणजे शिक्षकांचे वेतन शासन देते अशी, की शुल्कावर चालणारी स्वयंअर्थसहाय्यित, हेही विचारावे. बारावी विज्ञानात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्राचे प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. तेव्हा प्रयोगशाळेतील ब्युरेटवर धूळ साचली असेल, तर ते गुण कसे पडतात हे वेगळे सांगायला नको. नाव महाविद्यालयात आणि मूल लातूरच्या शिकवणीत, ही सोय मंडळाच्या ७५ टक्के उपस्थितीच्या अटीला बगल देणारीच म्हणावी लागेल. प्रवेशापूर्वी पालकांनी एखाद्या कामाच्या दिवशी, शेवटच्या तासाला, शाळेत अवश्य डोकावून यावे.