‘किंग ऑफ जॅझ’ पाहा, पण मुकुटाला भुलू नका

१ जानेवारी २०२६ला अमेरिकेत १९३० सालच्या कलाकृती स्वामित्वहक्कातून मोकळ्या झाल्या. मथळे बेटी बूप आणि नॅन्सी ड्रू या काल्पनिक पात्रांनी खाल्ले. त्याच गर्दीत युनिव्हर्सलचा ‘किंग ऑफ जॅझ’ हा संगीतपटही होता आणि माझ्या मते साऱ्या यादीतला सर्वांत मोलाचा ऐवज तोच. बँडप्रमुख पॉल व्हाइटमनभोवती उभारलेला हा चित्रपट जितका देखणा आहे, तितकाच अन्याय करणाराही.

व्हाइटमन मूळचा डेन्व्हरचा, सिम्फनी वाद्यवृंदात व्हायोला वाजवणारा. १९२०मध्ये ‘व्हिस्परिंग’ या तबकडीने तो घराघरांत पोहोचला. १२ फेब्रुवारी १९२४ला न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये त्याच्या बँडने संगीतकार गर्शविनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ प्रथम सादर केली, हे तर सर्वश्रुत आहे. सुरुवातीला क्लॅरिनेट खालून वर जी लांबलचक मींड घेते, ती गर्शविनने तशी लिहिलीच नव्हती. वादक रॉस गॉर्मनने तालमीत गंमत म्हणून स्वर ओढून वाजवले, गर्शविनला ते भावले आणि तीच रचनेची ओळख होऊन बसली.

या सगळ्यात फर्डी ग्रोफे हे नाव मात्र मागे पडते. गर्शविनने दोन पियानोंसाठी लिहिलेली रचना बँडसाठी बसवली ती ग्रोफेने. कोणता वादक कोणकोणती वाद्ये वाजवू शकतो, कोणाचा हात कशात सफाईचा आहे, हे हेरून त्याने एकेक ओळ वाटून दिली. व्हाइटमनची खरी कामगिरी मला इथे दिसते. नाचाच्या बँडला पगारी अरेंजर हवा, त्याने कागदावर सगळे बांधून द्यायला हवे आणि तरीही एखाद्या बिक्स बायडरबेकच्या कॉर्नेटला मोकळी जागा ठेवायला हवी, ही शिस्त त्याने रुजवली.

आता चित्रपटाकडे वळू. दिग्दर्शक जॉन मरे अँडरसन रंगभूमीवरून आलेला, नेपथ्यकार हर्मन रॉस. त्यांच्यापुढे विचित्र पेच होता. त्या काळचे टेक्निकलर दोनच रंगांचे, लाल आणि हिरव्या छटांचे. निळा त्यात उमटतच नसे आणि चित्रपटाचा मुख्य प्रवेश तर ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’! मग कापडे आणि रंग यांच्या चाचण्या झाल्या. मागे सगळीकडे राखाडी आणि चंदेरी ठेवून असा एक हिरवा निवडला, की पाहणाऱ्याला तो मोरपंखी निळा भासावा. प्रचंड पियानोचे झाकण उघडते आणि आतून अख्खा बँड वर येतो, तो प्रवेश पाहताना हे ध्यानात ठेवा. रॉसला या कामाचे ऑस्कर मिळाले. शिवाय व्हाइटमनने आग्रह धरला तो आधी ध्वनिमुद्रण, मग चित्रण असा. त्यामुळे वाद्यांचा आवाज त्या वर्षीच्या इतर बोलपटांच्या मानाने कितीतरी स्वच्छ आहे.

एवढे करूनही चित्रपट अमेरिकेत आपटला. संगीतपटांचा सुकाळ झाला होता आणि वर मंदी. बिंग क्रॉस्बी यात आहे, पण दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात गेल्याने त्याचे एकट्याचे गाणे जॉन बोल्सकडे गेले.

आणि आता मुकुट. सुरुवातीच्या व्यंगपटात व्हाइटमन आफ्रिकेत शिकारीला जातो, माकड डोक्यावर नारळ फेकते, टेंगूळ येते आणि त्या टेंगळाचाच मुकुट होतो. ‘ऱ्हॅप्सडी’च्या आधी तो स्वतः सांगतो की जॅझ आफ्रिकेच्या जंगलात जन्मले. पण शेवटच्या प्रवेशात, जिथे देशोदेशीचे संगीत एका कढईत ओतून त्यातून जॅझ तयार होताना दाखवले आहे, तिथे सगळे देश युरोपचे. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांचा मागमूस नाही. ज्यांनी हे संगीत घडवले, तेच पंगतीतून उठवलेले. त्याच १९३० साली ड्यूक एलिंग्टनचा बँड ‘चेक अँड डबल चेक’ या चित्रपटात झळकला, तेव्हा बार्नी बिगार्ड आणि हुआन टिझोल या उजळ वर्णाच्या वादकांना चेहरे काळे करायला लावले. गोरे-काळे एकत्र बसलेत असे कोणाला वाटू नये म्हणून!

व्हाइटमन स्वतः दुष्ट नव्हता. एलिंग्टनने त्याच्याबद्दल आदरानेच लिहिले आहे. विल्यम ग्रँट स्टिल आणि डॉन रेडमन या कृष्णवर्णीय संगीतकारांकडून त्याने अरेंजमेंट्स करून घेतल्या, १९४२मध्ये बिली हॉलिडेबरोबर ध्वनिमुद्रण केले. पण ‘राजा’ ही बिरुदावली त्याने नाकारली नाही, आणि हा दोष माझ्या लेखी लहान नाही.

आपल्या मुंबईने याबाबत चोख निवाडा केला होता. गोव्याचा ट्रंपेटवादक अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पॉल व्हाइटमन कोणी म्हटले नाही. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त, १९५१ साली, तो आपल्या बँडसह पडद्यावरही आला. मात्र हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोवेकर अरेंजर वाद्यमेळाचे जे काम करत, ते ग्रोफेच्याच जातीचे होते. श्रेयनामावलीत त्यांची नावे शोधावी लागतात, हेही सारखेच.

‘किंग ऑफ जॅझ’ जरूर पाहा. २०१६मध्ये त्याची उत्तम डागडुजी झाली आहे. पण त्याच १ जानेवारीला बेसी स्मिथ आणि लुई आर्मस्ट्राँग यांनी १९२५मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘सेंट लुई ब्लूज’ही मोकळे झाले. ते आधी ऐका.