रक्तातली तारीख

कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता चालणाऱ्यांनी भरून जातो. अंतर साधारण 45 किलोमीटर, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा थोडं जास्तच. अनवाणी निघालेल्या आजीबाई असोत की ऑलिंपिकचा धावपटू, शरीरातली हमाली तीच: तांबड्या पेशी फुप्फुसातला ऑक्सिजन पायांपर्यंत वाहून नेतात. पेशी जास्त, तर दम जास्त. त्या किती बनवायच्या, हा हुकूम मूत्रपिंडातून निघणारं ईपीओ हे संप्रेरक अस्थिमज्जेला देतं. विरळ हवेत हुकूम वाढतो, म्हणून केनियाचे धावपटू 2400 मीटर उंचीवरच्या इटेनमध्ये सराव करतात. त्यापुढे तुळजापूरचा बालाघाट अगदीच बुटका. काही जण मात्र डोंगर चढण्याऐवजी ईपीओची सुई टोचून घेतात.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मॅरेथॉन सोडून 3000 मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळली. 2014 च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत ती तिसरी आली. पहिली होती बहारीनची, मूळची केनियाची, रूथ जेबेट. आतल्या रेषेवर पाय पडला म्हणून जेबेटला बाद केलं, ललिताचं कांस्य रौप्य झालं; मग निर्णय फिरला आणि रौप्याचं पुन्हा कांस्य. दोन वर्षांनी रिओत जेबेटने सुवर्ण घेतलं. ललिता अंतिम फेरीत दहावी आली. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री.

1 डिसेंबर 2017 रोजी घेतलेल्या जेबेटच्या नमुन्यात कृत्रिम ईपीओ सापडलं. चार वर्षांची बंदी आली. निकाल रद्द झाले, पण त्या तारखेपासूनचे. आधीची पदकं तिचीच राहिली. त्या वर्षांत तिने काही घेतलं होतं, याचा पुरावा नाही. संशयावर पदक काढून घेता येत नाही, आणि घेऊही नये.

तरी मागची पानं उलटण्याची एक सोय आहे. सुईतलं ईपीओ काही दिवसांत शरीरातून नाहीसं होतं, पण तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. सुई थांबली की, पेशी आधीच भरपूर असल्याने शरीर स्वतःचं ईपीओ कमी करतं; अस्थिमज्जा हात आखडते, नव्या कोवळ्या पेशी घटतात. हिमोग्लोबिन भरपूर आणि कोवळ्या पेशी मोजक्याच, हे गणित जुळत नाही. खेळाडूच्या रक्ताचे असे आकडे वर्षानुवर्षं टिपून ठेवणारी नोंद, म्हणजे जैविक पासपोर्ट, ॲथलेटिक्समध्ये 2009 पासून आहे. त्याच नोंदीवरून, याच शर्यतीतली 2012 ची ऑलिंपिक विजेती रशियाची युलिया झारिपोव्हा अडकली. तिचं सुवर्ण 2016 मध्ये ट्युनिशियाच्या हबिबा घ्रिबीला मिळालं, ते ट्युनिशियातच. लंडनचं स्टेडियम, गर्दी, राष्ट्रगीत, यातलं काही चार वर्षांनी परत मिळत नाही.

ऑलिंपिकचे नमुने दहा वर्षांपर्यंत पुन्हा तपासता येतात. रिओतली ती अंतिम शर्यत 15 ऑगस्ट 2016 ची. इंचिऑनच्या निकालपत्रात ललिता बाबर तिसरीच आहे, वेळ 9 मिनिटं 35.37 सेकंद.