सहकुटुंब लेहपर्यंत

हिमालयात आपली मोटार घेऊन जायचे म्हटले, की भेटेल तो माणूस आधी मोटारीची चौकशी करतो. गाडी किती ताकदीची? टायर नवे आहेत ना? चढावर इंजिन तापले तर काय करणार? हे प्रश्न रास्त आहेत. पण पुण्याहून लेहपर्यंत पाच माणसांचे कुटुंब नेऊन सुखरूप परत आल्यावर मी म्हणेन, की पहिला प्रश्न हा नव्हेच. पहिला प्रश्न असा, की रोज रात्री तुम्ही किती उंचीवर झोपणार?

आमच्या कुटुंबात मी, सौभाग्यवती, एकोणीस वर्षांचा थोरला, अकरा वर्षांची धाकटी आणि एकाहत्तर वर्षांची आई. थोरला दर रविवारी कुठला ना कुठला गड चढून येतो. आईचे गुडघे मात्र जिना पाहिला की कुरकुरतात. साहजिकच, बेत कळल्यावर आमच्या आत्याने मलाच धारेवर धरले. "वहिनींना घेऊन कुठे निघालास रे? काशीला ने, रामेश्वराला ने. तिकडे बर्फात काय आहे त्यांचे?"

आईचे तिकडे काय होते, ते आम्हाला ठाऊक होते. लहानपणापासून ती स्नानाच्या वेळी सात नद्यांची नावे घेते. गंगा, यमुना, गोदावरी, नर्मदा, कावेरी तिने डोळ्यांनी पाहिल्या. सरस्वती गुप्त, तिला प्रयागच्या संगमावर हात जोडून झाले. राहिली ती सिंधू. फाळणीनंतर ती नदी परदेशात गेली, अशीच तिची समजूत होती. सिंधू तिबेटातून उतरून लडाखमध्ये येते आणि लेहच्या अगदी जवळून वाहते, हे नातीने नकाशावर दाखवले, त्या दिवसापासून आईने दुसरा विषय काढला नाही.

घरच्या डॉक्टरांनी आईची सगळी तपासणी केली आणि आम्हाला अनपेक्षित असे काही सांगितले. विरळ हवेचा त्रास वय पाहून होत नाही, की दंड-बेटक्या पाहून टळत नाही. धडधाकट तरुणाला होईल आणि आजीला होणारही नाही. होतो तो मुख्यतः घाईने वर गेल्यामुळे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा फार वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. दिवसा घाट चढून उतरलात तर फारसे बिघडत नाही. रात्र कुठे काढता ते महत्त्वाचे.

मग आम्ही नकाशा बाजूला ठेवला आणि एका वहीत मुक्कामांची उंची मांडली. पहिल्याच ओळीत गंमत झाली. आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. श्रीनगर शहर जवळजवळ तितक्याच उंचीवर आहे, सुमारे १,५८५ मीटर. म्हणजे आपला महाराष्ट्र जिथे संपतो, तिथे या प्रवासाची पहिली पायरी!

लेहला मोटारीने जायला दोन मुख्य वाटा आहेत: एक मनालीवरून, दुसरी श्रीनगर-कारगिलवरून. मनालीची वाट अद्भुत आहे. पण ती पायरी-पायरीने चढू देत नाही. मनाली दोन हजार मीटरवर, जिस्पा सुमारे बत्तीसशेवर, आणि त्यापुढचा नेहमीचा मुक्काम सरचू एकदम ४,२०० च्या वर. श्रीनगरची वाट मात्र जिन्यासारखी आहे: सोनमर्ग २,७००, कारगिल २,६७६, लामायुरू सुमारे ३,५०० आणि लेहही तितकेच. म्हणून ठरवले, की जाताना कारगिलवरून जायचे आणि शरीर सरावल्यावर मनालीवरून उतरायचे. वहीच्या पहिल्या पानावर सौभाग्यवतीने ठळक अक्षरांत एक नियम लिहिला: "ज्याला त्रास होईल त्याच्या चालीने सगळे जातील. यावर मतदान नाही." वाचताना सगळ्यांच्या नजरा आईकडे वळल्या, हे सांगायला नकोच.

गाडीची तयारीही केलीच. ब्रेक, कूलंट, बॅटरी तपासून घेतली. स्टेपनी आणि जॅक घरीच एकदा वापरून पाहिला. विरळ हवेत साध्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के घटते, म्हणून सामान मोजके घेतले. अपवाद फक्त खाऊच्या डब्यांचा. धपाटे, भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, आईच्या हातचा आलेपाक. आणि एक प्रेशर कुकर. कुकर पाहून थोरला हसला होता. पण लेहच्या उंचीवर पाणी शंभर नव्हे, सुमारे अठ्ठ्याऐंशी अंशांवरच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ तासन् तास रटरटते आणि कच्चीच राहते. पुढे कुकरची शिट्टी ऐकून सर्वांत आधी ताट घेऊन बसणारा तोच होता.

मेच्या अखेरीस निघालो. इंदूर, जयपूर, लुधियाना, जम्मू असे मुक्काम करत पाचव्या दिवशी श्रीनगर गाठले. चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरांचा बोगदा २०१७ साली खुला झाल्यापासून जम्मूकडचा घाटरस्ता बराच सोपा झाला आहे. श्रीनगरला दोन रात्री काढून सोनमर्गला गेलो. तिथे रस्त्याकडेच्या पाटीवर 'सिंध' हे नाव वाचताच आईने हात जोडले! पण ही सिंध वेगळी. ती झेलमला मिळणारी नदी. आई म्हणाली, "असू दे. नमस्कार काही वाया जात नाही."

दुसऱ्या दिवशी झोजी ला. 'ला' म्हणजे खिंड. उंची सुमारे ३,५०० मीटर. एका अंगाला कापलेल्या बर्फाच्या भिंती, दुसऱ्या अंगाला खोल दरी. इथून वाहने सोडण्याच्या वेळा ठरवलेल्या असतात. आदल्या दिवशी चौकशी करून ठेवावी. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांच्या सैन्याने याच खिंडीत रणगाडे चढवून शत्रूला चकित केले होते. आपल्या गाडीचा पहिला गिअर गुरगुरत असताना ती हकिगत मुलांना सांगितली, की इतिहासाचे पुस्तक वेगळे वाचावे लागत नाही. पुढे द्रासला १९९९ च्या युद्धाचे स्मारक आहे. समोर तोलोलिंगचा डोंगर. तिथे धाकटी बराच वेळ नावे वाचत उभी राहिली आणि गाडीत बसल्यावर तासभर गप्प होती.

घाटात गाडी चालवण्याचे नियम थोडके आहेत, पण ते पाळावेत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्यातच उतरावे. आणि पहाटे निघून दुपारपर्यंत मुक्कामाला पोहोचावे. उन्हाने बर्फ वितळले की रस्ता ओलांडणारे ओढे दुपारनंतर फुगतात.

कारगिलला दोन रात्री विश्रांती घेतली. मग मुलबेखला कातळात कोरलेली मैत्रेय बुद्धाची भव्य मूर्ती पाहिली, आणि नमिका ला व फोतू ला या खिंडी ओलांडल्या. फोतू ला ४,१०८ मीटर. श्रीनगर-लेह रस्त्यावरचे हे सर्वांत उंच ठिकाण. गाडीतले वेफर्सचे पुडे फुग्यासारखे टम्म झाले होते. हवेत प्राणवायूचा वाटा तोच असतो, एकपंचमांश; पण हवाच विरळ, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी येतो. पुड्यातली हवा मात्र खालची, ती फुगून बसते. मुलांना पदार्थविज्ञान शिकवायला याहून स्वस्त साधन नाही.

संध्याकाळी लामायुरूला उतरलो. पिवळ्या मातीच्या चंद्रासारख्या टेकड्या आणि कड्यावरचा जुना गोंपा. थोरला पोहोचताच कॅमेरा घेऊन गोंपाकडे पळाला. रात्री जेवायला बसलो, तेव्हा आईने सहज विचारले, "हा का जेवत नाही?" भूक नाही, दमलोय, असे तो म्हणाला. आईने त्याच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिले. "हा खोटे बोलतो आहे. डोके दुखतेय त्याचे."

दुखत होते, दुपारपासून. गड चढणाऱ्याने असे सांगायचे कसे, म्हणून तो गप्प राहिला होता. रात्री त्याला दोनदा उलटी झाली. घरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आणखी वर मुळीच जाऊ नका. त्याला दर दोन तासांनी उठवा आणि टाचेला बोटे लावून सरळ रेषेत चालायला लावा. तोल गेला, बडबडू लागला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका. तसेच खाली उतरा. प्राणवायूचे नळकांडे हे खाली उतरण्याला पर्याय नव्हे."

ती रात्र लांब होती. गाडीचे तोंड मी उताराकडे करून ठेवले. दर दोन तासांनी कंदिलासारखी विजेरी धरून सौभाग्यवती उभी राहायची, आणि आमचा सहा फुटी मुलगा फरशीच्या रेघेवरून लहान मुलासारखा पावले टाकायचा. पावले सरळ पडली, की आम्ही सगळे श्वास सोडायचो. आई पांघरूण लपेटून बसून होती. तिला स्वतःला काहीही झाले नव्हते.

उजाडल्यावर वही उघडली. बेताप्रमाणे त्या दिवशी लेह, मग दोन दिवसांनी खारदुंग ला आणि नुब्रा, मग पँगाँग सरोवर. थोरला म्हणाला, "मला आता बरे वाटतेय, माझ्यासाठी थांबू नका." धाकटीच्या डोळ्यांत पाणी आले, पँगाँग म्हणजे तिच्या आवडत्या 'थ्री इडियट्स' चित्रपटाचा शेवट जिथे घडतो ते सरोवर. पण सौभाग्यवतीने पहिले पान उघडून समोर धरले. मतदान नाही! आजीसाठी केलेला नियम नातवाला लागू झाला.

लामायुरूहून रस्ता वळणे घेत खाली खलत्सेला उतरतो. उंची सुमारे तीन हजार मीटर; जर्दाळूच्या बागा, जवाची हिरवी शेते. एका शेवटच्या वळणावर धाकटी ओरडली, "आजी, नदी!" करड्या-मातकट पाण्याचा तो मोठा, वेगवान प्रवाह पाहून आई काही बोलली नाही. काठाशी जपून नेले, तेव्हा तिने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले आणि सातही नावे घेतली. बेताप्रमाणे आम्ही तो पूल पाच मिनिटांत ओलांडून लेहला गेलो असतो. आता आम्ही तिथे दोन दिवस राहिलो. आई रोज सकाळी काठावर बसे. दुसऱ्या दिवशी दुपारी मागून आवाज आला, "आजी, ती भडंग कुठे ठेवलीय?" आम्हाला याहून गोड वाक्य त्या प्रवासात ऐकायला मिळाले नाही.

पुढे आलची येथील प्राचीन भित्तिचित्रे पाहिली. निम्मूला झंस्कार आणि सिंधूचा दुरंगी संगम पाहिला. लेहला चार रात्री निवांत राहिलो. खारदुंग ला आणि पँगाँग मात्र सोडून दिले. परतताना पहाटे चारला निघून टागलांग ला ओलांडला. तिथे ५,३२८ मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. खिंडीत पाच मिनिटांहून अधिक थांबलो नाही, आणि सरचूला न राहता संध्याकाळी जिस्पाला उतरलो. गिर्यारोहक म्हणतात तसे: चढा उंच, झोपा खाली. दुसऱ्या दिवशी, २०२० साली खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरांच्या अटल बोगद्यातून मनालीला आलो. एकूण तेवीस दिवस. शाळेचा पहिला आठवडा बुडाला, पण वर्गशिक्षिकांना फुगलेल्या पुड्याचे छायाचित्र दाखवून धाकटीने माफी मिळवली.

वाचकहो, तुम्हीही असा बेत कराल, तर एक वही घ्या. डाव्या बाजूला मुक्काम लिहा, उजव्या बाजूला त्याची उंची, आणि दर चार दिवसांमागे एक दिवस कोरा सोडा. तो कोरा दिवस म्हणजे वाया गेलेला दिवस नव्हे. कुणाचे डोके दुखले, दरड कोसळली किंवा एखादी नदी आवडली, तर खर्च करायची ती शिल्लक आहे. निघण्यापूर्वी प्रत्येकाने डॉक्टरांना भेटा. औषध घ्यायचे ते त्यांच्याच सल्ल्याने. आणि मुलांना, विशेषतः धाडसी मुलांना, बजावून सांगा, की दुखले तर बोलायचे.

पँगाँग राहिले म्हणून लोक हळहळतात. धाकटी त्यांना शांतपणे सांगते, "ते तिथेच आहे. दादाला घेऊन पुन्हा जाऊ, हळूहळू."