अखेरच्या निवाऱ्याची पारख

मंगलागौरी, पंचगंगा घाट या काशीच्या भागात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. काशीत देह ठेवावा ही आस तर महाराष्ट्रभर होती. याच नगरीत १९५८ साली उघडलेल्या काशी लाभ मुक्तिभवनात मरणोन्मुखास खोली मिळते, रामनाम कानी पडते. औषधोपचार मात्र तेथे होत नाहीत. श्रद्धावंताला तेवढे पुरतही असेल. पण कर्करोगाची वेदना नामस्मरणाने शमेलच असे नाही. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली स्थापन झालेल्या शांती आवेदना सदनाने कर्करुग्णांचे वेदनाशमन हेच आपले कार्य मानले. तेव्हा श्रोतेहो, आपला माणूस कोठेही नेताना लखलखीत फरशीवर भुलू नये. मध्यरात्री कळ उठली तर मॉर्फिन कोण देणार आणि किती वेळात, हे आधी विचारावे. आणि उत्तर व्यवस्थापकाकडून नव्हे, रात्रपाळीच्या परिचारिकेकडून घ्यावे.